बॅटरी भरलेली असताना सर्वो ठणठणीत, अर्ध्यावर आली की रिसेट: पुन्हा पुन्हा परतणाऱ्या दुखण्याचा माग

चार सर्वोंचा, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरींचा, एक छोटा यांत्रिक हात. खांद्याला धातूच्या गिअरचा एमजी९९६आर, आणि बूड, कोपर व चिमटा यांना प्रत्येकी एक एसजी९०. हुकूम सोडायला आर्डुइनो नॅनो हा छोटा नियंत्रक बोर्ड. विजेसाठी १८६५० आकाराचे दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले, आणि त्यांचं व्होल्टेज ५ वर उतरवायला एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर. कागदावर यात काही चूक दिसत नाही.

दुखणं असं होतं की खांदा वजन उचलायला निघाला की हात मध्येच मान टाकायचा. नॅनोवरचा दिवा लुकलुकायचा, मग चारही सर्वो खाडकन मधल्या कोनात यायचे, आणि कधी कधी हा प्रकार थांबायचं नावच घ्यायचा नाही.

हे मी तीन वेळा ‘दुरुस्त’ केलं. पहिल्यांदा सेल जुने झाले असतील म्हणून नवे घातले. दोन दिवस हात छान चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग सर्वोंच्या रेलवर, म्हणजे त्यांना वीज देणाऱ्या सामाईक वाटेवर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावला. पुन्हा दोन दिवस सुखाचे. मग कन्व्हर्टरवर संशय घेऊन तोही बदलला. तिसऱ्यांदाही तोच अनुभव आला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: प्रत्येक दुरुस्तीच्या आदल्या रात्री मी सेल चार्जिंगला लावले होते. सुट्टं करून पुन्हा जोडायचंच आहे तर चार्जही करून घेऊ, एवढाच विचार. म्हणजे गुण यायचा तो चार्जरचा, आणि श्रेय घ्यायचा कपॅसिटर.

म्हणून पुढचं काहीही वाचण्याआधी एक काम करा. दुरुस्ती तपासायची ती अर्धी उतरलेली बॅटरी घेऊनच. लिथियम-आयनचा सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट दाखवतो. तपासणीसाठी भार नसताना ३.६ ते ३.७ दाखवणारे सेल बाजूला काढून ठेवा. त्यांच्यावर जे चालेल तेच खरं चाललं. भरलेल्या बॅटरीवर मिळालेलं यश मी आता हिशेबातच धरत नाही.

आधी लक्षण नीट बघा

सर्वो ‘नीट चालत नाही’ यात चार वेगवेगळे आजार लपलेले असतात, आणि चारांची औषधं वेगळी आहेत.

सगळे सर्वो एकदम मधल्या कोनात उडी मारत असतील, तर नियंत्रक रिसेट होतोय, म्हणजे मध्येच थांबून पहिल्यापासून सुरू होतोय. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीत सर्वो अटॅच केल्यावर (पिनेशी जोडल्यावर), दुसरं काही सांगितलं नसेल तर, १५०० मायक्रोसेकंदांचा पल्स (कोन सांगणारा विजेचा ठोका) जातो, म्हणजे साधारण ९० अंश. ही सामूहिक उडी म्हणजे रिसेटची सहीच समजा. उडी नाही, पण हालचाल मंद आहे आणि वजन पेलत नाही, तर व्होल्टेज खचतंय पण रिसेटपर्यंत जात नाहीये. एकच सर्वो थरथरतोय आणि बाकीचे शांत आहेत, तर दोष बहुधा त्या सर्वोत, त्याच्या वायरीत किंवा यांत्रिक अडथळ्यात आहे. आणि सगळेच जागच्या जागी बारीक थरथरत असतील, तर आधी ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची सामाईक वाट, बघा.

रिसेटची खात्री करून घ्यायची तर युएसबी लावून सिरियल मॉनिटर (संगणकावर नॅनोचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडायचा मोह होतो. इथेच फसगत होते. युएसबी लावली की नॅनोला तिकडूनही वीज मिळते, आणि जो आजार बघायला गेलात तो लपून बसतो. मी प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच दिवा भराभर पाच वेळा लुकलुकेल अशा ओळी घातल्या. हात चालू असताना मध्येच ते पाच लुकलुकाट दिसले की रिसेट झाला, वाद संपला.

नॅनोऐवजी ईएसपी३२ हा नियंत्रक वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे, तो स्वतःच ब्राउनआउट झाल्याचा, म्हणजे व्होल्टेज मर्यादेखाली गेल्याचा, संदेश छापतो. ती तपासणी बंद करायची एक ओळ फार लोकप्रिय आहे. ती घालू नका. ताप दिसतो म्हणून तापमापक फोडण्यातला प्रकार आहे तो. चिप कमी व्होल्टेजवर चालूच राहते, आणि मग कधी कुठे काय चुकीचं लिहील याचा नेम नाही.

नॅनोवरच्या एटमेगा३२८पी या चिपमध्येही ब्राउनआउटची मर्यादा असते आणि आर्डुइनोच्या बोर्डांवर ती सहसा २.७ व्होल्टवर लावलेली येते. पण १६ मेगाहर्ट्झवर ही चिप भरवशानं चालायला साधारण ३.८ व्होल्ट तरी लागतात. म्हणजे ३.८ आणि २.७ च्या मधे एक अंधारी पट्टी आहे, जिथे चिप रिसेटही होत नाही आणि शहाण्यासारखी वागेलच असंही नाही. ‘कधी कधी नुसतीच अडकते, बटण दाबावं लागतं’ अशी तक्रार असेल तर ती याच पट्टीतली असू शकते.

मीटर ७.४ दाखवतो, मग अडचण कुठे?

सेलवर मीटर लावला तर ७.४. कन्व्हर्टरच्या बाहेर ५.०. सगळं बरोबर. तरी हात कोसळतोच.

याला दोन कारणं आहेत. पहिलं, साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. सर्वो हलायला सुरुवात करतो त्या क्षणी त्याची मोटर स्थिर असते, आणि स्थिर मोटर जवळजवळ स्टॉल (अडकलेली मोटर) इतका करंट ओढते. ती फिरायला लागली की करंट उतरतो. हा सगळा तमाशा काही मिलिसेकंदांत आटोपतो आणि मीटरच्या गावीही नसतो. दुसरं, बहुतेक जण मीटर लावतात तेव्हा हात निवांत उभा असतो. करंट वाहत नसेल तर वाटेतल्या रोधावर व्होल्टेज पडतच नाही. गंजलेली वायरसुद्धा त्या वेळी तांब्याच्या जाड पट्टीसारखीच दिसते.

माझ्या हाताचा हिशेब मांडला तर एसजी९० अडकला की साधारण ६५० ते ७०० मिलिअँपिअर ओढतो. एमजी९९६आर ला ६ व्होल्टवर २.५ अँपिअरचा स्टॉल करंट सांगितलेला असतो, ५ वर थोडा कमी धरा. चौघं एकदम सुटले तर क्षणभर ४ अँपिअरच्या आसपास मागणी. एलएम२५९६ च्या अंगावर ३ अँपिअर छापलेले असतात, आणि या छोट्या मोड्यूलांवर उष्णताशोषक नसताना सलग दोनच्या वर मी तरी विश्वास ठेवत नाही.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा) असेल तर तो सर्वोच्या पिनवर लावून ही घसरण सरळ बघता येते. नसेल तर दुसरी युक्ती आहे, आणि खरं सांगायचं तर दोष नेमका कुठे आहे हे शोधायला मला ती स्कोपपेक्षाही बरी वाटते.

खोटा भार

उड्या मारणारा भार मीटरला पकडता येत नाही, तर त्याला स्थिर भार द्या. ५ ओहम, १० वॅटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडले की अडीच ओहम होतात आणि ५ व्होल्टवर ते सलग २ अँपिअर ओढतात. सर्वो काढा, त्यांच्या जागी, म्हणजे थेट सर्वोच्या पिना बसतात तिथेच, हा जोड लावा. रेझिस्टर झटपट तापतात, तेव्हा ते फरशीच्या तुकड्यावर ठेवा, हात लावू नका आणि एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर चालू ठेवू नका.

आता मीटरची दोन्ही टोकं बॅटरीच्या धन-ऋणाला नाही, तर एकाच वाटेच्या दोन टोकांना लावायची. स्विचच्या एका पायावर लाल, दुसऱ्या पायावर काळं. वायरीच्या या टोकाला लाल, त्या टोकाला काळं. सेलच्या धातूच्या टोपीवर लाल आणि होल्डरच्या वायरीवर काळं. आदर्श वाटेवर मीटर शून्य दाखवेल. तो जे काही दाखवेल ते त्या तुकड्यानं खाल्लेलं व्होल्टेज.

माझ्याकडे निघालेले आकडे असे. सेल होल्डरच्या चार स्प्रिंग आणि पत्र्या मिळून ०.३१ व्होल्ट. चिमुकला सरकता स्विच एकटा ०.४२. होल्डरपासून कन्व्हर्टरपर्यंतच्या बारीक वायरी ०.१२. म्हणजे कन्व्हर्टरच्या दारात पोचेपर्यंतच ०.८५ व्होल्ट गेले. आणि कन्व्हर्टरच्या पुढे, जंपर वायरी आणि ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीची) रेल मिळून आणखी ०.३५.

सेल, कपॅसिटर आणि कन्व्हर्टर असे तीन इलाज करून झाले होते, आणि चोर निघाला बोटाच्या पेराएवढा स्विच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! असे स्विच बहुधा ०.३ ते ०.५ अँपिअरसाठी बनवलेले असतात. माझ्याकडच्यातून पावणेदोन-दोन अँपिअर जात होते आणि तो कोमट लागायचा. ते मी पूर्वी अनुभवलंही होतं, पण ‘इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तू थोड्या तापतातच’ म्हणून सोडून दिलं होतं. स्विच, जोड, वायर यांपैकी काहीही कोमट लागलं तर आधी तिथेच मीटर लावा, एवढं नक्की.

करंट मोजायला मीटर मालिकेत जोडावा असंही वाटेल. सावधपणे. मीटर आणि त्याच्या लांब वायरींचा स्वतःचा रोध वाटेत घुसतो, आणि तपासायला घेतलेलं दुखणं मीटरमुळेच वाढतं. मिलिअँपिअरच्या खोबणीत लावलात तर आतला फ्यूज उडेल. त्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे व्होल्टेजची पडझड मोजणं सोपं आणि निर्धोक.

भरलेल्या बॅटरीवर हे दिसत का नाही

एलएम२५९६ ला ५ व्होल्ट द्यायचे तर आत त्याहून साधारण दीड व्होल्ट जास्त हवेत, म्हणजे ६.५ च्या आसपास. दोन भरलेले सेल मिळून ८.४ देतात. त्यातून वाटेतले ०.८५ आणि सेलांच्या आंतरिक रोधावरचे पाव-एक व्होल्ट वजा केले तरी ७.३ उरतात. कन्व्हर्टर खुशीत.

सेल अर्ध्यावर आले की भार नसताना ७.३ दिसतात. तेच वजा करा: ६.२. कन्व्हर्टरची जागा संपली. आणि हा तर सलग २ अँपिअरचा हिशेब झाला. सगळे सर्वो एकदम सुटतात तेव्हा पडझड दुप्पट होते.

यात आणखी एक खोच आहे. बक कन्व्हर्टर ठरावीक शक्ती पुढे देत असतो. बाहेर १० वॅट द्यायचे आणि कार्यक्षमता ८० टक्के असेल तर त्याला आत १२.५ वॅट हवेत. आतलं व्होल्टेज घसरलं की तो तेवढेच वॅट भरून काढायला जास्त करंट ओढतो. करंट वाढला की स्विचवरची पडझड वाढते. पडझड वाढली की व्होल्टेज आणखी घसरतं. त्यामुळे दुखणं हळूहळू वाढत नाही. एका ठिकाणापर्यंत सगळं सुरळीत आणि मग एकदम कडेलोट. ‘वीस मिनिटं नीट चालतो आणि मग अचानक’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. दोष गरम झाल्यामुळे येतोय असं वाटून लोक पंखे लावतात.

एकच सेल आणि बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) कन्व्हर्टर वापरणाऱ्यांची अवस्था याहून नाजूक. ३.७ चे ५ करून २ अँपिअर हवे असतील तर सेलमधून ३ अँपिअर निघतात, आणि सेल उतरला की त्याहून जास्त. एमटी३६०८ या बूस्ट चिपवर छापलेले २ अँपिअर बघून पुढे ५ व्होल्टवर २ अँपिअर मिळतील असं धरू नका. त्यात मधे टीपी४०५६ चं संरक्षण असलेलं चार्जिंग मोड्यूल असेल तर ३ अँपिअरच्या आसपास त्यातलं संरक्षणच वीज तोडतं. तेव्हा रिसेट होत नाही, सगळं काळंठिक्कर पडतं. दोन-तीन सर्वोंच्या वर जायचं असेल तर दोन सेल आणि बक, हाच माझा कल.

स्वतःचंच शेपूट पकडणारा रिसेट

हात एकदा कोसळला की सावरत का नाही, हे कोडं प्रोग्रॅममध्ये सुटलं. व्होल्टेज पडलं, चिप रिसेट झाली. बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आटोपून आपला प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला आणि चार सर्वो लागोपाठ अटॅच झाले. चौघांनाही एकाच वेळी मधल्या कोनाकडे धावायचा हुकूम. म्हणजे सगळ्यात मोठा झटका नेमका सुरुवातीलाच. त्यानं व्होल्टेज पुन्हा पडलं, चिप पुन्हा रिसेट.

इलाज फुकटचा आहे. प्रत्येक सर्वोला अटॅच करण्याआधी राइट या आज्ञेनं त्याचा विसाव्याचा कोन सांगून ठेवा, म्हणजे तो मधे धावत सुटणार नाही. आणि दोन अटॅचच्या मधे ३०० मिलिसेकंद थांबा. मोठा सर्वो आधी, बारके मागून. चालतानाही एका झटक्यात ९० अंश फिरवण्याऐवजी दोन-दोन अंशांची पावलं टाका. हात थोडा संथ होतो, पण दिसायलाही जास्त डौलदार दिसतो हे माझं मत.

त्याच बैठकीत टोकाचे कोनही तपासून घ्या. माझा चिमटा मिटला की बारीक घुंघुं आवाज यायचा. लायब्ररीचा ० अंश म्हणजे ५४४ मायक्रोसेकंद, आणि कितीतरी स्वस्त सर्वोंची यांत्रिक अडण त्याच्या अलीकडेच येते. सर्वो बिचारा भिंतीला डोकं लावून ढकलत बसतो आणि अर्ध्या-पाऊण अँपिअरची उधळपट्टी अखंड चालू राहते. कोन पाच-पाच अंशांनी मागे घेत गेलो, १५ अंशांवर आवाज थांबला, तीच माझी खालची मर्यादा. बॅटरी किती टिकते यात पडलेला सगळ्यात मोठा फरक या एका ओळीचा होता, जाड वायरींचा नव्हे.

कपॅसिटर: चुकीच्या जागी शोभेचा, योग्य जागी कामाचा

सर्वो थरथरतोय असं कुणी म्हणालं की पहिला सल्ला येतो ‘मोठा कपॅसिटर टाक’. गणित करून बघू. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यातून २ अँपिअर काढायचे आणि अर्धा व्होल्ट घसरण चालेल असं धरलं, तर तो किती वेळ पुरेल? पाव मिलिसेकंद. मोटरला वेग घ्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तोच झटका १० मिलिसेकंद झेलायचा तर ४०,००० मायक्रोफॅरड हवेत. मोटरच्या ब्रशांची किरकिर शांत करायला सर्वोजवळचा ४७०-१००० चा कपॅसिटर चांगलाच, पण कमकुवत बॅटरीला तो टेकू देऊ शकत नाही.

तोच कपॅसिटर नियंत्रकाच्या बाजूला न्या आणि चमत्कार बघा. नॅनो साधारण २५ मिलिअँपिअरवर चालतो. एक व्होल्ट घसरण चालवून घेतली तर १००० मायक्रोफॅरड त्याला ४० मिलिसेकंद जिवंत ठेवतो. अट एकच: सर्वोंनी तो साठा उलटा ओढून घेता कामा नये. म्हणून कन्व्हर्टर आणि नॅनो यांच्यामध्ये १एन५८१९ सारखा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घाला, त्यावरची पट्टी नॅनोकडे, आणि कपॅसिटर डायोडच्या पलीकडे नॅनोजवळ. डायोडवर सुमारे ०.३ व्होल्ट जातात, म्हणून कन्व्हर्टर ५.२ वर लावला. कपॅसिटर १० किंवा १६ व्होल्टचा घ्या आणि धन-ऋण दोनदा बघा. उलटा लावला तर फुगतो, फुटतोही.

कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून व्होल्टेज लावताना पुढे काहीही जोडलेलं नसावं. हे स्क्रू बरेच वेढे घेतात आणि सुरुवातीला काही बदलतच नाही असं वाटतं. त्या अधीरतेत एक एसजी९० मी जाळलाय.

ग्राउंड आणि वाटा

नॅनोला एक बॅटरी, सर्वोंना दुसरी, अशी विभागणी केली तरी दोघांचे ऋण एकमेकांना जोडलेच पाहिजेत. सर्वोकडे जाणारा पल्स ग्राउंडच्या तुलनेत मोजला जातो. ग्राउंडच सामाईक नसेल तर सर्वोला तो कळणार कसा? धन मात्र एकत्र करायचे नाहीत.

जोडलेलं असूनही थरथर असेल तर करंट कोणत्या वाटेनं परततो ते बघा. सर्वोंचा परतीचा करंट नॅनोच्या ग्राउंडच्या पिनेतून, त्याच बारक्या जंपरमधून जात असेल, तर २ अँपिअर आणि ०.१ ओहमलाही ग्राउंड ०.२ व्होल्टनं वरखाली होतं. मी ब्रेडबोर्ड विजेच्या वाटेतून काढूनच टाकला. कन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकांवर जाड वायरी सोल्डर केल्या आणि तिथूनच चार सर्वोंना चार फांद्या, नॅनोला पाचवी. ब्रेडबोर्डवरून आता फक्त सिग्नल जातात. पीसीए९६८५ चा सर्वो चालवणारा बोर्ड वापरत असाल तर सर्वोंची वीज त्याच्या वेगळ्या स्क्रूच्या टर्मिनलवर द्या. चिपची वीज आणि सर्वोंची वीज त्यावर निरनिराळ्या पिनांवर असते.

बॅटरीच चुकली असेल तर

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी सर्वोंना लावू नका. तिचा आंतरिक रोध ओहमच्या घरात असतो. अर्धा अँपिअर मागितला तरी ती मान टाकते, आणि बोर्डावरच्या रेग्युलेटरमधून तेवढा करंट सर्वोंना दिलात तर ९ आणि ५ मधल्या ४ व्होल्टांची २ वॅट उष्णता त्या इवल्याशा चिपला सोसावी लागते.

चार एए अल्कलाइन सेल मिळून ६ व्होल्ट देतात, पण प्रत्येकाचा आंतरिक रोध ०.१५ ते ०.३ ओहम, आणि उतरत गेले की तोही वाढतो. एक-दोन एसजी९० पर्यंत ठीक. गंमत म्हणजे चार निकेल-मेटल-हायड्राइड सेल फक्त ४.८ व्होल्टचे असूनही भाराखाली त्यांच्यापेक्षा जास्त तग धरतात, कारण त्यांचा रोध कितीतरी कमी. छापील आकडा मोठा म्हणून अल्कलाइन घेणारे इथे फसतात.

पॉवरबँकचा एक वेगळाच हट्ट असतो. हात काही वेळ निवांत राहिला आणि करंट फार कमी झाला की बरेच पॉवरबँक ‘आता कुणी नाही’ असं समजून बंद होतात. रात्री सुरू ठेवलेला प्रकल्प सकाळी मेलेला सापडतो तो यामुळे.

लिथियम सेलांबाबत थोडक्यात सांगतो. बॅटरीच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज घाला, सेलवर थेट सोल्डर करू नका, पत्री वेल्ड केलेले सेल घ्या. आणि दोन सेलांच्या मधून वायर काढून नॅनोला ३.७ देण्याची कल्पकता दाखवू नका. एक सेल दुसऱ्याआधी उतरतो आणि पुढे दोघं कधीच जुळत नाहीत.

बदलल्यावर

क्रम असा ठेवला: आधी स्विच, मग होल्डर, मग वायरी, शेवटी डायोड आणि कपॅसिटर. प्रत्येक बदलानंतर तेच अर्धे उतरलेले सेल आणि तोच खोटा भार. ५ अँपिअरचा स्विच बसवल्यावर त्याच्यावर ०.०२ व्होल्ट उरले. होल्डर टाकून पत्री वेल्ड केलेली जोडी घेतली आणि वायरी जाड केल्या, तशी कन्व्हर्टरपर्यंतची पडझड ०.८५ वरून ०.१० वर आली. कन्व्हर्टरच्या पुढची ०.३५ होती, ती ०.०६.

आता हात प्रत्येक सेल ३.३ वर येईपर्यंत न अडखळता चालतो. त्याखाली जाऊ द्यायचं नाही म्हणून १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून बॅटरीचं निम्मं व्होल्टेज नॅनोच्या अॅनालॉग पिनवर वाचतो. वाचन खांदा हलत असताना घ्यायचं नाही, हात थांबल्यावर अर्ध्या सेकंदानं घ्यायचं, नाहीतर प्रत्येक उचलीला खोटी धोक्याची घंटा वाजते.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. कोपर साधारण ७० अंशांवर आला की अजूनही थरथरतो, आणि फक्त तिथेच. नवी वीज, नवे ग्राउंड, काही फरक नाही. शेवटी कोपर आणि बुडाचे सर्वो आपसांत बदलले. थरथर सर्वोबरोबर बुडाकडे गेली, तोच कोन घेऊन. आतला पोटेन्शिओमीटर (कोन मोजणारा भाग) त्या जागी घासला गेलाय. बराच काळ हात त्याच कोनात उभा असायचा. नवा सर्वो मागवलाय, तोवर प्रोग्रॅममध्ये ६६ ते ७४ हे कोन वगळून टाकलेत.